मराठी शाळेचे सुतक आणि नववी 'ड'

'मराठी शाळा संपली' हे वाक्य गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या साहित्यव्यवहारात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते आता विधान उरलेले नाही. शाळेच्या परिपाठातल्या प्रार्थनेसारखे ते डोळे मिटून म्हणायचे असते. परिसंवादात, दिवाळी अंकात, मराठी भाषा गौरव दिनाच्या व्याख्यानात ते म्हटले की वक्त्याचा कंठ दाटून येतो, श्रोते माना डोलावतात आणि चहापानाला सुरुवात होते. आम्हीही ते म्हणत आलो. आम्ही म्हणजे पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात मराठी शिकवणारे, चाळिशी ओलांडलेले काही प्राध्यापक. आमची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात शिकली, हे आरंभीच कबूल केलेले बरे. कारण पुढे जे लिहायचे आहे त्यातले पहिले आरोपी आम्हीच आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मराठी शाळा आपल्या घरांतून गेली आणि आपण ती जगातूनच गेली असे धरून चाललो. ती आज भोसरीत, चिखलीत, मोशीत, कुरुळीत, महाळुंग्यात भरते. दोन सत्रांत भरते, दाटीवाटीच्या तुकड्यांत भरते, एका बाकावर तीन-तीन मुले बसवून भरते. पण तिथे बसलेली मुले आपल्या मनातल्या 'मराठी मुला'सारखी दिसत नाहीत, त्याच्यासारखी बोलत नाहीत, म्हणून त्या शाळेची आपल्या लेखी नोंदच नाही. जी शाळा रोज साडेबाराला घंटा देते तिचे सुतक पाळण्याचा हा प्रकार आहे, आणि या सुतकात मराठीच्या प्राध्यापकांचा पुढाकार आहे.

आपल्या मनातली शाळा कुठून आली ते पाहू. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातले निमशहरी गाव आणि त्यातली नववीतली मुले हा तिचा विषय. २०११ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. कादंबरी चांगली आहे, आम्ही ती आवडीने शिकवतो, आणि तिच्याविषयी आमची काहीही तक्रार नाही. तक्रार तिच्या वाचनाविषयी आहे. एका विशिष्ट काळातल्या, विशिष्ट थरातल्या मुलांची ती गोष्ट आपण 'आपली शाळा' म्हणून भिंतीवर टांगली. नोकरदार वडील, घरात येणारे वर्तमानपत्र, सुट्टीतले आजोळ, इंग्रजीची भीती आणि पहिले प्रेम: एवढे असले की ती मराठी शाळा. पुढे या थरातली मुले त्या बाकांवरून उठून इंग्रजी माध्यमात गेली, आणि मागे राहिलेल्या बाकांवर कोण येऊन बसले हे पाहण्याची तसदी न घेता आपण शोकसभा भरवली.

मग कोण येऊन बसले? त्यासाठी हा पट्टा कसा वसला ते ठाऊक असावे लागते. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि माळरानांवर कारखान्यांच्या रांगा लागल्या. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत या शहराची वस्ती सुमारे दहा लाख होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. आता एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मधला भाग कारखान्यांचा अशी रचना आहे. चाकण तर आमच्या पिढीला कांदा-बटाट्याच्या बाजाराचे आणि फिरंगोजी नरसाळ्यांच्या संग्रामदुर्गाचे गाव म्हणून ठाऊक होते. तिथे बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन यांचे कारखाने आले आणि भोवतालच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी उरल्यासुरल्या गुंठ्यांवर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या. ज्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला त्यांची मुले पिवळ्या बसमधून 'इंटरनॅशनल' नावाच्या शाळेत जाऊ लागली. गावच्या हायस्कुलात आली ती खोल्यांतली मुले: लातूर-नांदेडची, जळगाव-धुळ्याची, यवतमाळ-वाशीमची, आणि त्यांच्या शेजारच्या खोलीतली बिहारची, उत्तर प्रदेशाची, ओडिशाची.

या मुलांशी आमची गाठ कशी पडली ती हकीकत सांगायला हवी, कारण हा लेख तिथूनच निघाला आहे.

काही वर्षांपूर्वी या पट्ट्यातल्या एका हायस्कुलाने आम्हाला निबंधस्पर्धेचे परीक्षक म्हणून बोलावले. विषय होता 'माझे आजोळ'. शंभरेक निबंध आले. बहुतेकांत नदी होती, आमराई होती, चांदण्यात गोष्टी सांगणारी आजी होती. एक निबंध नववी 'ड'मधल्या मुलीचा होता. तिचे कुटुंब नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडकडचे. तिने लिहिले होते की तिचे आजोळ भिंतीपलीकडे आहे. गावी काही उरले नाही म्हणून आजीही इकडेच आली, शेजारच्या खोलीत राहते आणि अकरा एकट्या कामगारांचे डबे करते. इतर मुली उन्हाळ्यात आजोळी जातात. ही मात्र वडिलांची नाईट असली की आजोळी जाते, कारण रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा झोपतात आणि एका खोलीत चार मुलांनी आवाज न करता राहणे शक्य नसते. आठवड्याने पाळी बदलली की तिचे आजोळ संपते. निबंधात 'आजी भाकऱ्या करायली', 'बाबा झोपायलेत' अशी वाक्ये होती.

आम्ही त्या निबंधाला वीसपैकी सात गुण दिले. शेरा होता: 'विषयांतर. बोलीचा प्रभाव. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' पहिले बक्षीस आमराईला दिले.

पुढच्या वर्षी एका पुस्तकाच्या दुकानात दहावीचे मार्गदर्शक चाळताना तीच आमराई भेटली. तोच पाट, तेच चांदणे, विशेषणांचा क्रमही तोच. बक्षीस मिळवणाऱ्या मुलाचा यात काही दोष नाही; त्याला शाळेने जे शिकवले तेच त्याने केले, आणि आमच्यासारख्या परीक्षकांनी जे मागितले तेच त्याने दिले. दोष आमचा. एम. ए.च्या वर्गात 'अनुभवाची प्रामाणिकता' या विषयावर तासन् तास बोलणाऱ्या चार माणसांपुढे एक प्रामाणिक अनुभव चार ओळींच्या कागदावर येऊन पडला, आणि तो त्यांना ओळखता आला नाही. आम्ही उशिरा त्या शाळेत गेलो. मुलीची चौकशी केली. नववीनंतर तिचा दाखला नेला होता, इतकेच कार्यालयात कळले.

येथे आमच्या व्यवसायातला एक दुटप्पीपणा उघड सांगतो. साठोत्तरी साहित्यावर आम्ही प्रबंध लिहितो. ग्रामीण कादंबरीत, दलित आत्मकथनात बोली आली की तिला आम्ही 'भाषेचे सामर्थ्य', 'प्रमाणभाषेच्या मक्तेदारीला दिलेले आव्हान' म्हणतो. भाषाविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत अहिराणी आणि वऱ्हाडीची वैशिष्ट्ये दहा गुणांना विचारतो. तेच रूप वहीत आले की त्याखाली लाल रेघ. म्हणजे छापील पुस्तकात 'करायली' हे आव्हान आणि नववी 'ड'च्या वहीत ती चूक. हा न्याय कोणत्या भाषाविज्ञानात बसतो, ते आमच्या वाचकांपैकी कोणी जाणकाराने सांगावे.

योगायोग असा की मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने मान्य केले तेही १९६२ साली. त्यात चार नियमांची भर १९७२ साली पडली. एकाच वर्षी महाराष्ट्राने एक यंत्रणा उभारली ती माणसांना गावांतून उचलून एका ठिकाणी आणण्याची, आणि दुसरी मान्य केली ती त्यांनी लिहायचे कसे हे ठरवण्याची. दोन्हींची गरज होती, याविषयी आमचा वाद नाही. पण या दोन यंत्रणा जिथे एकमेकींना भेटतात ती जागा म्हणजे औद्योगिक पट्ट्यातले हायस्कूल; आणि तिथे काय घडते याचा अभ्यास मराठीच्या विभागांनी करायचा, की वाणिज्य विभागाने?

घडते ते विलक्षण आहे. एका वर्गात खेड-जुन्नरकडचे 'आलता-गेलता' असते, मराठवाड्याचे 'जायलो-करायलो' असते, विदर्भाचे 'करून राहिला' असते, घरी अहिराणी बोलणारे खानदेशी मूल असते. त्यांच्या शेजारी भोजपुरी बोलणाऱ्या आईचा मुलगा बसतो. हिंदी माध्यमाच्या शाळा थोड्या, इंग्रजीची फी आवाक्याबाहेर, म्हणून तो मराठी माध्यमात आला. तो मराठी शिकला ती बालभारतीच्या पुस्तकातून कमी आणि नळावर, क्रिकेटच्या मैदानात, रेशनच्या दुकानात आईसाठी दुभाषेपणा करताना जास्त. दहावीला तो 'कुमारभारती'चा पेपर लिहितो. मराठी ही त्याची कागदोपत्री प्रथम भाषा. मधल्या सुट्टीत ही सगळी मुले जी मराठी बोलतात ती त्यांच्यापैकी कोणाच्याही घरची नसते. ती त्या वर्गात तयार झालेली असते. नवी मराठी कशी घडते हे पाहायला आपल्या अभ्यासकांना याहून जवळची जागा सापडणार नाही. पण आमच्या विभागांत तिच्यावर प्रबंध होत नाहीत, कारण मार्गदर्शकाला त्या रस्त्याने जायचे नसते. तळेगाव-चाकण चौकातली वाहनांची कोंडी हे त्याचे सांगण्याजोगे कारण.

शाळेच्या आतही एक वर्णव्यवस्था आहे. 'अ' आणि 'ब' तुकड्या सेमी-इंग्रजीच्या: गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. 'क' आणि 'ड' साध्या. साधी म्हणजे पूर्ण मराठी. मराठी शाळेतच पूर्ण मराठी तुकडी ही मागे पडलेल्यांची तुकडी होऊन बसली आहे, आणि शिक्षक तिचा उल्लेख करताना आवाज खाली आणतात. वर्षाच्या मध्येच ठेकेदार बदलला म्हणून दाखला घेऊन आलेले मूल थेट 'ड'मध्ये जाते. स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन 'अ'ला, हस्तलिखिताचे संपादकत्व 'अ'ला, शिक्षकदिनी मुख्याध्यापक होण्याचा मान 'अ'ला. 'ड'कडे मैदान झाडणे, खुर्च्या लावणे आणि लेझीम. पालकसभा शनिवारी असते. भोसरीतल्या अनेक छोट्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे शाळेच्या वेळापत्रकाला ठाऊक नाही. मग 'या पालकांना मुलांच्या शिक्षणाचे काही पडलेले नाही' असा निष्कर्ष निघतो, आणि तो आम्हीही अनेकदा ऐकून मान हलवली आहे.

नववीचाच आग्रह आम्ही का धरतो, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. चौदा ते अठरा या वयात मात्र धोकादायक उद्योग वगळता काम करता येते. हे सगळे एकत्र मांडून पाहा. मूल आठवीतून नववीत जाते त्या जूनमध्ये खिचडी बंद होते, पुस्तके विकत घ्यावी लागतात, आणि कामाचे दार उघडते. ज्या वयात मूल पहिल्यांदा स्वतःविषयी काही लिहू शकेल, नेमक्या त्या वयात राज्य आपला हात सोडवून घेते. अशा वेळी त्याला शाळेत धरून ठेवणारे काय असते? आपले म्हणणे कोणीतरी वाचेल एवढी आशा असू शकते. तिच्यावर आम्ही वीसपैकी सात गुण लिहिले.

प्राथमिक शाळांचे या पट्ट्यात कौतुक होते आणि ते रास्त आहे. महापालिकेची बोपखेलची इंग्रजी माध्यमाची शाळा २०२२ साली जगातील सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत आपल्या गटात पहिल्या दहांत आली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ साली त्याच स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. या शिक्षकांना आमचा मनापासून नमस्कार. परंतु जालिंदरनगरच्या शाळेसारख्या शेकडो शाळांतून बाहेर पडलेली मुले पुढे ज्या अनुदानित वा महापालिकेच्या हायस्कुलात जातात, त्याच्याविषयी कोणालाच उत्सुकता नाही. ते पुरस्काराएवढे उजळ नाही आणि बातमीएवढे भयंकरही नाही. तिथे शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर शिकवतो. माध्यमिकला ते मानधन २०२३ सालापर्यंत महिना आठ हजार रुपये होते, त्यानंतर अठरा हजार झाले. त्याच्याकडून आपण 'संस्कार' आणि 'अभिरुची' यांची अपेक्षा धरतो.

या मधल्या पोकळीत कंपनी येते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामांवर खर्चण्याचे बंधन आले. या पट्ट्यातल्या शाळांना त्यातून स्वच्छतागृहे, संगणक, बाके मिळाली, आणि ती मिळाली हे चांगलेच झाले. पण २०२३ सालच्या सप्टेंबरात शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना काढली, तिच्यात देणगीदाराला ठरावीक काळासाठी शाळेला आपल्या पसंतीचे नाव देण्याची मुभा ठेवली. मोठ्या महापालिकांतल्या शाळांसाठी पाच वर्षांना दोन कोटी, ग्रामीण आणि नगरपालिकांच्या शाळांसाठी पन्नास लाख, असे दरही ठरले. आता विचार करा: बाप त्या कंपनीत ठेकेदारामार्फत काम करतो, त्याच्या ओळखपत्रावर कंपनीचे नाव नसते, ठेकेदाराचे असते. आणि मुलाच्या शाळेच्या फाटकावर मात्र कंपनीचे नाव. बापाला कायम करायला जी कंपनी तयार नाही, ती मुलाच्या शाळेला दत्तक घेणार! 'दत्तक' या शब्दाचा अर्थ मराठीत आधीचे पालक असमर्थ ठरले असा होतो. शासनाने तो स्वतःहून स्वीकारला, आणि शब्दांच्या अर्थावर पोट भरणारे आम्ही गप्प राहिलो.

गप्प राहण्याचा आमचा इतिहास जुना आहे. २०१६ च्या जानेवारीत ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर भरले. ज्या कारखान्यापासून हा पट्टा सुरू झाला त्याच्याच मैदानावर मराठी सारस्वत जमले, याहून मोठी संधी कोणती? आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो, पुस्तके विकत घेतली, परिसंवाद ऐकले, छायाचित्रे काढली. मैदानापासून हाकेच्या अंतरावरच्या कुठल्याही हायस्कुलाची आठवण आम्हाला त्या चार दिवसांत झाली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आम्ही पेढे वाटले. २०२५ साली पहिलीपासून हिंदी लादण्याचा निर्णय आला, त्याविरुद्ध आम्ही लिहिले, बोललो, आणि २९ जून २०२५ ला ते निर्णय मागे घेतले गेले तेव्हा आनंदही मानला. तो विरोध योग्यच होता. पण त्याच दिवसांत रस्त्यावर मराठी येत नाही म्हणून परप्रांतीयांच्या कानशिलात मारल्याच्या चित्रफिती फिरत होत्या, आणि त्याच दिवसांत भोजपुरी आईची मुले नववीच्या वर्गात मराठीचे व्याकरण गिरवत होती. मराठीसाठी कोण काय करत होते याचा हिशेब मांडायचा तर त्या मुलांचे नाव यादीत सर्वांत वर येईल. त्यांचे अभिनंदन करायला एकही मराठीप्रेमी त्या शाळेत फिरकला नाही. आम्हीसुद्धा नाही.

यावर जे आक्षेप येतील ते आम्हाला ठाऊक आहेत, कारण ते प्रथम आमच्याच मनात आले.

पहिला आक्षेप: मग प्रमाणभाषा शिकवायचीच नाही का? शिकवायची, आणि आजच्यापेक्षा अधिक चांगली शिकवायची. नोकरीचा अर्ज, बँकेतली तक्रार, न्यायालयातले निवेदन प्रमाणभाषेत लागते आणि ती या मुलांना आली नाही तर नुकसान त्यांचेच. परंतु जिला 'करायली' लिहायची लाज वाटायला लावली, ती 'करत आहे' लिहायला शिकत नाही. ती मार्गदर्शकातली आमराई पाठ करायला शिकते. प्रमाणभाषेच्या नावाखाली आपण पाठांतर शिकवतो आहोत आणि त्यालाच भाषा येणे समजतो आहोत.

दुसरा आक्षेप: हे दारिद्र्याचे गोडवे गाणे आहे. तसे मुळीच नाही. एका खोलीत सहा माणसांनी राहण्यात काव्य नाही. त्या मुलीनेही आपल्या निबंधात रडगाणे गायले नव्हते. बाबा झोपलेले असताना कुठे जायचे, एवढा व्यवहार सांगितला होता. काव्य शोधण्याची खोड आमची, आणि ते आम्हाला आमराईत सापडले.

तिसरा आक्षेप आमच्या सहकाऱ्यांचा: मराठीचा प्राध्यापक यात काय करणार? नॅकच्या फायली कोण भरणार? याचे उत्तर फायलीतच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजाशी जोडून घेण्याचे उपक्रम यांना श्रेयांक आहेत. बहुतेक महाविद्यालयांत ते कुठल्या तरी कार्यालयाचे प्रमाणपत्र आणून भागवले जातात. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी ते श्रेयांक जवळच्या हायस्कुलात मिळवायला कोणाची आडकाठी आहे?

नारायण सुर्वे मुंबईत महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले. 'माझे विद्यापीठ' १९६६ साली आले. आज ते आमच्या अभ्यासक्रमात आहेत, त्यांच्यावर आम्ही टिपणे लिहून देतो. गिरणगावाची ती पुण्याई आम्ही मिरवतो. पिंपरी-चिंचवडमध्येही कामगार कवी आहेत, त्यांची संमेलने भरतात, त्यांचे संग्रह निघतात. आमच्या 'प्रादेशिक साहित्य' या अभ्यासपत्रिकेत मात्र हा पट्टा प्रदेश म्हणून गणला जात नाही. प्रदेश म्हटला की त्यात शेत हवे, नदी हवी. आमची आमराई आम्हाला एम. ए.लाही सोडत नाही. उद्या नववी 'ड'मधून कोणी सुर्वे निघायचा असेल तर तो आमच्या परीक्षणातून सुटला तरच निघेल, अशी आजची अवस्था आहे.

तेव्हा आमच्या मागण्या आमच्याच व्यवसायाकडे आहेत. या पट्ट्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने एक हायस्कूल निवडावे आणि तिथे वर्षभर नियमाने जावे. बक्षिसे वाटायला नव्हे, वाचायला. निबंधाचे विषय बदलावेत. 'माझे आजोळ' आणि 'नदीचे आत्मवृत्त' यांना दहा वर्षे विश्रांती द्यावी. 'पहिली पाळी, दुसरी पाळी', 'आमची खोली', 'मी दुभाष्या झालो तेव्हा' असे विषय द्यावेत. एम. ए.च्या प्रकल्पांसाठी शंभरावी ग्रामीण कादंबरी घेण्याऐवजी भोसरीच्या मधल्या सुट्टीतली मराठी नोंदवावी. आणि जो कोणी व्यासपीठावरून मराठी शाळा संपल्याचे सांगेल त्याला सभेतच विचारावे की आपण शेवटची मराठी शाळा आतून कधी पाहिली.

दुसऱ्यांना उपदेश करून थांबणे बरे नव्हे, म्हणून सांगतो. आमच्यापैकी दोघे गेल्या जूनपासून एका हायस्कुलात दर गुरुवारी जातात. गुरुवार निवडला तो पालकांना सुट्टी असते म्हणून. तीन-चार वडील येतात, मागे उभे राहतात, बोलत नाहीत. नववीच्या चारही तुकड्यांचे मिळून एक हस्तलिखित तयार झाले. संपादक 'ड'मधले आहेत. मुख्याध्यापकांनी अंक पाहिला आणि शुद्धलेखन तपासून द्या म्हणाले. त्यावर आमच्यात बराच वाद झाला. ऱ्हस्व-दीर्घ मुलांबरोबर बसून दुरुस्त केले; 'करायली', 'आलता', 'करून राहिला' ही रूपे तशीच ठेवली. आमच्यातल्या एका सहकाऱ्याला ते अजूनही मान्य नाही आणि त्याने तसे लेखी दिले आहे. पुढच्या अंकात ते पत्र आणि त्याला मुलांचे उत्तर दोन्ही येणार आहे. ज्या वाचकांना ही रूपे खटकतील त्यांनीही येऊन मुलांशी वाद घालावा. दुपारचे सत्र साडेबाराला सुरू होते.